एक जूनची जन्मतारीख, गावची नोंद आणि ग्रीन कार्डचा अर्ज

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही सातारा जिल्ह्यातल्या एका गावचे, सध्या अमेरिकेत एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर. ग्रीन कार्डच्या रांगेत तुमचा नंबर जवळ आलाय आणि कंपनीच्या वकिलाने जन्मदाखला मागितलाय. शाळा सोडल्याचा दाखला, दहावीचं प्रमाणपत्र, पॅन, पासपोर्ट, तिकडचं लायसन्स, सगळीकडे जन्मतारीख १ जून १९८४. भावाने ग्रामपंचायतीत जाऊन जुनी नोंदवही पाहिली, तर तिथे १७ सप्टेंबर १९८४. बाळाच्या नावाचा रकाना कोरा. आईचं नाव ‘शांताबाई’, आणि आईच्या आधारवर, पासपोर्टवर ‘सुमन’. तालुक्याच्या गावी एक एजंट म्हणतोय, ‘१ जूनचा नवा दाखला काढून देतो, ऑनलाइन दिसेल, क्यूआर कोडसकट.’ तो घ्यावा की पासपोर्टच दुरुस्त करावा, हा तुमचा प्रश्न. शिवाय तुमच्या एका मित्राने अशाच एजंटकडून दाखला घेऊन अर्ज भरूनही टाकलाय, त्याचं काय, असंही विचारलंय.

आधी थेट उत्तर देते. एजंटकडून काहीही काढून घेऊ नका, आणि पासपोर्टला आत्ता हात लावू नका. गावच्या वहीत सापडलेली नोंद तुमच्या बाजूची आहे. तिला घाबरायचं कारण नाही.

मी जिल्हा न्यायालयात वकिली करते. जन्म-मृत्यूच्या नोंदी, नावातली तफावत, वारस दाखले ही माझी रोजची कामं, आणि त्यात परदेशी असलेल्यांची संख्या मोठी आहे. अमेरिकेचा कायदा तुम्हाला तिथल्या वकिलानेच सांगायचा, फॉर्मवर काय लिहायचं याचा शेवटचा शब्द त्याचा. मी लिहितेय ते इकडच्या कागदांबद्दल, आणि तिकडचे वकील हे कागद कशासाठी मागतात आणि कुठे अडतात, हे जे सतत पाहत आलेय त्याबद्दल.

‘कागद मॅच होत नाहीत, काहीही करून मॅच करायचेत’ असं तुम्ही लिहिलंय. माझ्याकडे येणारे बहुतेक जण हेच वाक्य घेऊन येतात. पण अर्ज तपासणाऱ्या अधिकाऱ्याला जन्मदाखल्यातून तीन गोष्टी हव्या असतात: हा माणूस तोच आहे, तो अमुक ठिकाणी अमुक दिवशी जन्मला, आणि त्याचे आई-वडील हे. तुमचा अर्ज नोकरीवर आधारलेला आहे. तुम्ही साडेतीन महिन्यांनी मोठे की लहान, याने तुमच्या पात्रतेत किंवा रांगेतल्या जागेत काही फरक पडत नाही. तारीख वेगळी असण्यात तुमचा कसलाच फायदा नाही, आणि ज्या तफावतीत अर्जदाराचा फायदा नाही ती समजावून सांगता येते. बनावट दाखला मात्र सापडला की त्याचं काही स्पष्टीकरण उरत नाही. तो कशासाठी केला, हा एकच प्रश्न मग समोर राहतो.

एक जूनबद्दल आपल्याकडे कुणाला सांगायला नको. ज्या पिढीच्या आई-वडिलांना तारखेपेक्षा सण आणि हंगाम लक्षात असायचे, त्या पिढीच्या वर्गात हजेरीपटावर एक जूनवाले भरपूर. तुम्ही जून १९८९ मध्ये पहिलीत बसलात, असं तुम्हीच लिहिलंय. १७ सप्टेंबर १९८४ धरली तर तेव्हा तुम्हाला पाच वर्षं पूर्ण झालेली नव्हती. १ जून १९८४ धरली की बरोबर त्याच महिन्यात पूर्ण होतात. गुरुजींनी पोराचं वर्ष वाया जाऊ नये म्हणून वर्ष तेच ठेवलं आणि दिवस-महिना शाळेच्या सोयीने लिहिला. पुढे शाळेवरून दहावी, दहावीवरून पासपोर्ट, पासपोर्टवरून अमेरिकेतले सगळे कागद. एकाच नोंदीच्या या सगळ्या नकला आहेत. दहा कागदांवर १ जून आहे म्हणजे दहा पुरावे आहेत, असं नसतं.

अमेरिकेतल्या अधिकाऱ्याला ही एक जूनची गोष्ट ठाऊक असेलच असं नाही. ती त्याला सांगावी लागते, आणि नुसती सांगून भागत नाही, कागदाने दाखवावी लागते. त्यासाठी तुमच्या पहिल्या शाळेच्या जनरल रजिस्टरचा साक्षांकित उतारा काढा. आमच्याकडे काही ठिकाणी त्याला निर्गम उतारा म्हणतात. त्यात प्रवेशाची तारीख असते. जमलं तर त्या वर्षी पहिलीत दाखल झालेल्या मुलांचं अख्खं पान मुख्याध्यापकांनी दाखवलं तर भावाने नीट बघावं. एकाखाली एक तीच तारीख दिसणं हे फार बोलकं असतं. इतर मुलांची नावं असल्यामुळे ते पान तुम्हाला मिळणार नाही, मिळू नयेही. पण ‘त्या काळी जन्मदाखला नसल्यास पालकांच्या तोंडी सांगण्यावरून तारीख लिहिली जात असे’ एवढं पत्र मुख्याध्यापक देऊ शकतात. काही देतात, काही नाही देत. कायद्याच्या नजरेतही शाळेची तारीख अंतिम नसते. बिरद मल सिंघवी विरुद्ध आनंद पुरोहित या खटल्यात १९८८ साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट म्हटलंय की शाळेच्या रजिस्टरमधली जन्मतारीख कुणाच्या माहितीवरून लिहिली, हे सिद्ध झाल्याशिवाय तिला पुरावा म्हणून फारसं मोल नाही.

आता गावच्या नोंदीकडे या. भावाने पाठवलेला फोटो तुम्ही वर्णन करून सांगितलात तो असा: जन्म १७ सप्टेंबर १९८४, नोंदणीचा दिनांक २४ सप्टेंबर १९८४, लिंग पुरुष, वडिलांचं पूर्ण नाव, आई शांताबाई, खबर देणाऱ्याच्या रकान्यात आजोबांचं नाव आणि शेजारी अंगठ्याचा ठसा. या ओळीतला सगळ्यात मोलाचा तपशील आहे तो २४ सप्टेंबर. जन्मानंतर आठवड्याभरात झालेली नोंद. त्या वेळी तुमच्या अमेरिकेचा, पासपोर्टचा, शाळेचाही विचार कुणाच्या डोक्यात नव्हता, त्यामुळे खोटं लिहायला कुणाला कारणच नव्हतं. परदेशी अधिकारी दाखला हातात घेतला की जन्मतारखेइतकंच लक्ष नोंदणीच्या तारखेकडे देतो. वेळेत झालेल्या नोंदीला वजन असतं. तीस-चाळीस वर्षांनी झालेल्या नोंदीवर प्रश्न येतात, आधारासाठी आणखी पुरावे मागितले जातात.

म्हणून ग्रामपंचायतीतून दोन वेगवेगळे कागद मागा. एक, नेहमीचा संगणकीय जन्मदाखला, म्हणजे नमुना ५. दुसरा, नोंदवहीच्या त्या पानाची सही-शिक्क्याची साक्षांकित प्रत. दुसरी प्रत मागताना ग्रामसेवक ‘दाखला दिलाय की, आता हे कशाला?’ असं विचारतील. न चिडता सांगा की संगणकीय दाखल्यावर खबर देणाऱ्याचा रकाना येत नाही आणि आपल्याला तोच हवाय. जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम १९६९ च्या कलम १७ खाली शोध घेऊन उतारा मागण्याचा अधिकार आहे, त्या कलमाचा उल्लेख अर्जात करा. दाखला संगणकावर चढवताना मराठी नावांची इंग्रजी स्पेलिंगं टाइप होतात. प्रिंट काढण्याआधी भावाने ती पासपोर्टच्या स्पेलिंगशी स्क्रीनवरच ताडून बघावीत. इथे झालेली नवी चूक निस्तरायला जुन्या चुकीइतकाच वेळ जातो.

जाता जाता, आई-वडिलांसाठी अर्ज करणाऱ्या वाचकांसाठी एक गोष्ट. १९६९ चा हा कायदा आपल्याकडे १ एप्रिल १९७० पासून लागू झाला. त्याआधीच्या जन्मांच्या नोंदी गाव नमुना १४ मध्ये, म्हणजे ज्याला सगळे कोतवाल बुक म्हणतात त्यात मिळतात, आणि त्या ग्रामपंचायतीऐवजी बहुधा तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात असतात. फार जुन्या असतील तर मोडी लिपीत. २०२३ नंतर कुणबी नोंदींच्या शोधात अनेक जिल्ह्यांत या वह्या बाहेर निघाल्या आणि स्कॅनही झाल्या. ‘नोंद नाही’ असं गृहीत धरण्याआधी तिथे एकदा बघाच.

आता एजंट काय करणार ते सांगते, कारण ‘ऑनलाइन दिसेल’ या शब्दांना लोक भुलतात. त्याच्याकडे साधारण दोन वाटा असतात. पहिली, तुमची नोंदच नाही असं दाखवून ‘नोंद आढळत नाही’ असा नमुना १० चा दाखला घ्यायचा आणि त्यावर शाळेच्या दाखल्याच्या आधाराने १ जूनची विलंबित नोंदणी करून घ्यायची. दुसरी, थेट खोटी नोंद चढवायची. दुसरी वाट गुन्हा आहे हे कुणालाही कळतं. पहिली वाट कायदेशीर वाटते, कारण त्यात अर्ज, प्रतिज्ञापत्र, अधिकाऱ्याचा आदेश असं सगळं असतं. पण नोंद आहे हे तुम्हाला माहीत असताना ‘नोंद नाही’ म्हणून शपथेवर सांगणं म्हणजे खोटी शपथच. पुढे कधी पडताळणी झाली तर एकाच गावात एकाच बापाच्या एकाच मुलाच्या दोन जन्मनोंदी निघतील, आणि मग खरी नोंदसुद्धा संशयात सापडेल.

विलंबित नोंदणीचे नियम आता पूर्वीसारखे राहिलेलेही नाहीत. एक वर्षानंतरच्या नोंदणीसाठी पूर्वी प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांचा आदेश लागायचा. २०२३ च्या दुरुस्तीनंतर हे अधिकार जिल्हाधिकारी, उपविभागीय अधिकारी किंवा त्यांनी प्राधिकृत केलेले कार्यकारी दंडाधिकारी यांच्याकडे गेले. त्यानंतर महाराष्ट्रात अशा दाखल्यांबद्दल मोठ्या तक्रारी झाल्या आणि २०२५ मध्ये शासनाने ही प्रक्रिया खूप कडक केली, आधी दिलेल्या दाखल्यांच्या फेरतपासण्याही लावल्या. ज्यांची खरोखरच नोंद नाही अशा प्रामाणिक माणसांनाही त्याचा त्रास होतोय, ते वेगळंच दुखणं आहे. तुमची नोंद असताना तुम्ही त्या रांगेत जाऊन उभं राहणं म्हणजे आपल्या हाताने आपल्या कागदावर प्रश्नचिन्ह लावून घेणं. शिक्षेचं म्हणाल तर जन्माच्या नोंदवहीत बनावट करण्यासाठी भारतीय न्याय संहितेच्या कलम ३३७ खाली सात वर्षांपर्यंत कैद आहे. अमेरिकेच्या बाजूने बघितलं तर इमिग्रेशन लाभासाठी जाणूनबुजून महत्त्वाची खोटी माहिती देणाऱ्याला तिथला कायदा कायमचं अपात्र ठरवतो, आणि त्यातून सूट मिळण्याची दारं फार अरुंद आहेत. कॅनडात याच कारणासाठी पाच वर्षांची बंदी आहे. साडेतीन महिन्यांच्या तफावतीसाठी हा धोका पत्करायचा?

नावाच्या कोऱ्या रकान्याचा प्रश्न त्यामानाने सोपा. जन्माच्या वेळी नाव ठेवलेलं नसतं म्हणून कायद्यातच कलम १४ आहे, त्याखाली नाव नंतर नोंदवता येतं. मूळ मुदत पंधरा वर्षांची. जुन्या नोंदींसाठी ती वेळोवेळी वाढवली गेली आहे, त्यामुळे आज काय स्थिती आहे ते निबंधकाकडे, म्हणजे जन्मनोंदी ठेवणाऱ्या अधिकाऱ्याकडे, विचारूनच अर्ज करा. अर्ज पालकांनी करायचा असतो. तुमची आई हयात आहे, तिच्या सहीने करा. मुदत संपली म्हणून नाकारला तर नाकारल्याचं उत्तर लेखी घ्या, तेही तुमच्या फाइलला उपयोगी पडतं.

नाव नोंदवून मिळालं नाही तरी ‘हे बाळ म्हणजे मीच’ हे दाखवता येतं, आणि ही युक्ती फारशी कुणी वापरत नाही म्हणून मुद्दाम सांगते. तुमच्या भावाचा जन्म १९८१ चा, बहिणीचा १९८७ चा. दोघांचेही जन्मदाखले काढा. मग १९८१ ते १९८७ या काळात त्याच आई-वडिलांच्या इतर अपत्यांच्या नोंदींचा शोध घेऊन मिळेल ते लेखी द्या, असा अर्ज ग्रामपंचायतीला करा. त्या वर्षांत या दांपत्याच्या तीनच नोंदी असतील आणि मधली एकच मुलाची असेल, तर ते बाळ दुसरं कोण असणार? असा सलग धागा अधिकाऱ्याला एका वाचनात पटतो.

आईचं नाव. इथे मूळ नोंदीत चूक झालीये असं मला वाटत नाही. माहेरची शांता लग्नात सुमन झाली, घरात आणि सासऱ्यांच्या तोंडी मात्र शांताच राहिली, आणि खबर देणाऱ्या आजोबांनी आपल्या तोंडातलं नाव सांगितलं. मराठी माणसाला यात वावगं काहीच दिसणार नाही. परक्या देशातल्या अधिकाऱ्याला मात्र या दोन वेगळ्या बायका वाटतात, त्यात आपल्याकडे लग्नानंतर मधलं नाव आणि आडनावही बदलतं, म्हणजे ओळखीचं काही शिल्लकच राहत नाही. तेव्हा साखळी जोडा: आईच्या माहेरचा शाळेचा दाखला असेल तर तो, लग्नाची नोंद किंवा पत्रिका, जुनं रेशनकार्ड, माहेरच्या सातबाऱ्यावर वारस म्हणून नाव लागलं असेल तर तो फेरफार. फेरफारात ‘शांताबाई उर्फ सुमन’ असं लिहिलेलं मी अनेकदा पाहिलंय. महसूल खात्याच्या त्या एका ओळीला घरच्या कितीतरी प्रतिज्ञापत्रांपेक्षा जास्त किंमत असते, कारण ती तुमच्या अर्जासाठी तयार केलेली नसते. याच्या जोडीला आईचं ‘दोन्ही नावांची व्यक्ती मी एकच’ असं प्रतिज्ञापत्र.

कलम १५ खाली नोंदवहीत दुरुस्ती मागायची का, हे या पुराव्यावर अवलंबून. त्या कलमात निबंधक मूळ नोंद खोडत नाही. ती तशीच ठेवून समासात शेरा लिहितो, सही करतो, दिनांक घालतो. आईच्या नावापुढे ‘उर्फ सुमन’ असा शेरा मिळाला तर छानच. मजकुरातल्या चुकीसाठी माहिती असलेल्या दोन विश्वासू व्यक्तींचे जबाबही लागतात. काही निबंधक करून देतात, काही ‘कोर्टातून आणा’ म्हणतात. कोर्टात जायची तुम्हाला गरज दिसत नाही. गॅझेटच्या भानगडीतही पडू नका. राजपत्रात नाव बदलल्याची जाहिरात म्हणजे आजपासून बदल. १९८४ साली आई कोण होती, हे त्याने सिद्ध होत नाही, उलट एका सत्तरीच्या बाईने आत्ता नाव का बदललं, असा नवा प्रश्न तयार होतो.

काही अर्जांत मात्र अक्षरन् अक्षर दुरुस्त करून घ्यावंच लागतं. गोव्यातली मंडळी पोर्तुगीज नागरिकत्वासाठी आजोबांची जन्मनोंद लिस्बनला नोंदवायला जातात तेव्हा ती नोंद हाच त्यांच्या हक्काचा पाया असतो. तिथे नावातली तफावत दुरुस्त केल्याशिवाय पुढे जाता येत नाही. तुमच्या प्रकरणात हक्क नोकरीतून येतोय, जन्मदाखला ओळखीसाठी आहे. हा फरक लक्षात घेतला नाही की लोक नको तिथे वर्षं घालवतात.

पासपोर्टवरची तारीख. तुमचा पासपोर्ट शाळेच्या दाखल्यावर निघाला, आणि तो पुरावा तुमच्या वयाच्या लोकांसाठी आजही चालतो. फक्त जन्मदाखलाच लागेल हा नियम १ ऑक्टोबर २०२३ किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना आहे. म्हणजे तुम्ही पासपोर्ट खोटं बोलून काढलाय, हे मनातून काढून टाका. आता तो १७ सप्टेंबरचा करून घेतलात तर व्हिसा, सोशल सिक्युरिटी, कंपनीने भरलेली आधीची याचिका, सगळं एकदम विसंगत होईल. दहावीचं प्रमाणपत्र तर १ जूनचंच राहील, कारण शाळा सोडल्यावर शाळेच्या नोंदीतली जन्मतारीख बदलणं महाराष्ट्रात अतिशय कठीण आहे. उघड लेखनदोष असेल तरच काही होतं. म्हणून ऐन अर्जाच्या तोंडावर पासपोर्ट बदलू नका, असं मी सांगते. नंतर बदलायचा असेल तर तिकडच्या वकिलाशी बोलून, शांतपणे.

पण एक गोष्ट टाळता येणार नाही. आय-४८५ हा ग्रीन कार्डच्या अर्जाचा फॉर्मच खरी जन्मतारीख मागतो आणि आजवर वापरलेल्या इतर जन्मतारखाही सांगायला लावतो. म्हणजे दोन तारखा असणारी माणसं असतात, हे फॉर्म बनवणाऱ्यांनी गृहीतच धरलंय. मुख्य रकान्यात कोणती आणि जादा माहितीच्या पानावर कोणती, हे तुमच्या वकिलाने ठरवावं. मात्र दोन्ही तारखा फॉर्मवर आल्याच पाहिजेत, यावर मी ठाम आहे. सप्टेंबरची नोंद हातात असताना फक्त १ जून लिहून सही करणं मला मान्य नाही. वकिलाला आजच सगळं सांगा. कंपनीचा वकील आहे, त्याला कशाला हे सगळं, असा संकोच लोक करतात आणि तिथेच फसतात. आणखी पुढचं बघा: उद्या नागरिकत्व घेतलंत आणि शपथेवर जी तारीख दिलीत ती प्रमाणपत्रावर छापली गेली, की नंतर ‘ती माझी खरी तारीख नव्हती’ म्हणून तिथे दुरुस्ती मिळत नाही. तेव्हा कोणती तारीख पुढे न्यायची, हा विचार आत्ताच करायचा.

काही गोष्टी परिस्थितीनुसार बदलतात, त्या सांगते. तुमच्यासोबत अर्जात मूल असेल आणि ते एकवीस वर्षांच्या, म्हणजे वयोमर्यादेच्या, आसपास असेल, तर त्याच्या जन्मतारखेतला एक दिवसही महत्त्वाचा. तिथे हा ‘फायदा नाही’ वाला युक्तिवाद चालत नाही, वकिलाशी वेगळं बोलावं लागतं. तफावत महिन्यांची नसून वर्षांची असेल तर सिद्ध करण्याचं ओझं वाढतं. आणि गावच्या नोंदीवर खाडाखोड दिसत असेल, शाई वेगळी असेल, तर आधी मला किंवा कुणा जाणकाराला ते पान दाखवा, मग पुढचं.

प्रतिज्ञापत्रांबद्दल थोडं सविस्तर, कारण सगळ्यात कच्चं काम इथे होतं. नोटरीकडे छापील मसुदा असतो, त्यात नावं भरून लोक मोकळे होतात: ‘मी अर्जदारास लहानपणापासून ओळखतो.’ एवढ्याने काही साधत नाही. अमेरिकेच्या नियमांना अपेक्षित आहे की जन्माची प्रत्यक्ष माहिती असलेल्या, अर्जात पक्षकार नसलेल्या व्यक्तीने सांगावं, आणि अशी किमान दोन प्रतिज्ञापत्रं असावीत. नोंद अजिबात नसेल तेव्हाचा हा नियम आहे, पण तुमच्यासारख्या अर्धवट नोंदीलाही त्याचा आधार होतो. लिहून देणाऱ्याचं स्वतःचं पूर्ण नाव, पत्ता, जन्मतारीख, तुमच्याशी नातं, आणि मुख्य म्हणजे ‘मला हे कसं माहीत’. तुमच्या आत्या त्या वेळी आईच्या बाळंतपणासाठी घरी आल्या होत्या असं तुम्ही लिहिलंय. मग त्यांनी तसंच सांगावं: कुठल्या खोलीत बाळंतपण झालं, सुईण कोण होती, आदल्या रात्री काय झालं. आई म्हणते ‘पितर चालू होते, म्हणून बारसं पुढे ढकललं.’ मी १९८४ चं पंचांग पाहिलं. १७ सप्टेंबर पितृपंधरवड्यातच येतो. जूनमध्ये पितर कुठले? हे वाक्य आईच्या प्रतिज्ञापत्रात तिच्याच शब्दांत येऊ द्या, आणि पितृपक्ष म्हणजे काय, हे एका ओळीत समजावून द्या. एजंटाने लिहून दिलेल्या भाषेला असा जिवंतपणा कधीच येत नाही.

आत्यांचं वय झालंय, हे तुम्ही ओझरतं लिहिलंय. माझ्या लेखी ती सगळ्यात घाईची बाब आहे. भारतीयांची ग्रीन कार्डची रांग वर्षानुवर्षं चालते आणि लोक कागद शेवटच्या महिन्यासाठी ठेवतात. तोवर ज्यांना माहीत होतं ती माणसं राहत नाहीत किंवा त्यांना आठवत नाही. अर्ज पुढच्या वर्षी भरायचा असला तरी आत्यांचं प्रतिज्ञापत्र या महिन्यात करून घ्या. मसुदा मराठीत करा, त्यांना वाचून दाखवा, त्यांच्या मनाप्रमाणे शब्द बदला, मग सही. इंग्रजी कागदावर अंगठा घेऊ नका.

भाषांतर करणाऱ्याला एकच सांगायचं: कागदावर जे आहे तेच लिही. रकाना कोरा असेल तर कोरा असं लिहायचं, शांताबाईच्या जागी सुमन लिहायचं नाही. भाषांतर पूर्ण व अचूक आहे आणि आपण दोन्ही भाषा जाणतो, असं त्याने लिहून सही करावी. यूएससीआयएसला, म्हणजे अर्ज तपासणाऱ्या अमेरिकी इमिग्रेशन खात्याला, तेवढं पुरतं. जन्मदाखल्यावर अपॉस्टिलचा, म्हणजे कागद परदेशात चालावा म्हणून मारतात तो सरकारी शिक्काही ते मागत नाहीत, त्यावर पैसे घालवू नका.

हे सगळं आधीच का करायचं? अर्ज भरल्यावर अधिक पुरावा मागणारी नोटीस आली, तर उत्तराला जास्तीत जास्त ८४ दिवस मिळतात. ते वाढवून मिळत नाहीत. आणि उत्तर एकदाच द्यायचं असतं. अर्धं दिलं की तेवढ्यावरच निर्णय होतो. त्यात आपल्याकडे ग्रामपंचायतीची निवडणूक लागली, ग्रामसेवकांची बदली झाली, वही तहसीलला गेलेली निघाली, की किती दिवस जातील याचा भरवसा नाही.

शेवटी तुमच्या मित्राबद्दल. त्याचा अर्ज अजून निकाली निघालेला नाही, मुलाखतही झालेली नाही, असं तुम्ही म्हणता. तर त्याने या आठवड्यात चांगला इमिग्रेशन वकील गाठावा, कंपनीचा नव्हे, स्वतःचा, आणि त्याला खरं ते सगळं सांगावं. दिलेली चुकीची माहिती आपणहून आणि वेळेत मागे घेतली तर ती गोष्ट अर्जदाराच्या बाजूने धरली जाते, याला तिथल्या धोरणात जागा आहे. ‘आपणहून’ म्हणजे अधिकाऱ्याला संशय येण्याआधी. मुलाखतीच्या टेबलावर दाखला पुढे सरकवून ‘ही नोंदणी २०२४ ची कशी?’ असं विचारल्यावर दिलेली कबुली त्यात बसेलच असं नाही. त्याची मूळ नोंद गावात आहे का, हे त्याने बहुधा पाहिलेलंच नसेल. एजंट कधी बघू देत नाहीत. तुमचा भाऊ ग्रामपंचायतीत जाणारच आहे, मित्राचं गाव शेजारचंच आहे. मित्राच्या सहीचं पत्र घेऊन त्याच फेरीत तिथल्या वहीतही शोध घ्यायला सांगा, आणि जे सापडेल त्याचा फोटो वकिलाला भेटण्याआधी मित्राच्या हातात असू द्या.